उज्जैन ते जर्मनी : विमानाच्या आधीचा प्रवास

उज्जैनहून संध्याकाळची अवंतिका एक्स्प्रेस धरली की भल्या पहाटे मुंबई. मुंबईहून थेट विमान असेल तर साडेआठ-नऊ तासांत फ्रँकफर्ट. मध्ये थांबावं लागलं तरी दोन दिवसांच्या आत माणूस जर्मनीत. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या त्या ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. आता तेवढा काळ एकेका कागदाला लागतो. घरात 'बाहेर जायचं' असं ठरल्यापासून मुलगा विमानात बसेपर्यंत वर्ष-सव्वा वर्ष सहज जातं, आणि त्यातली बहुतेक वाट उज्जैन, भोपाळ आणि मुंबई या तीन गावांतच चालून होते. ती कशी चालायची, ते इथे सांगतो. उदाहरणाला जर्मनी घेतली आहे, कारण माळव्यातल्या मध्यमवर्गीय मराठी घरांना परवडणारा तो देश आहे आणि त्याचे नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. एमबीबीएससाठी जाणाऱ्यांची वाट वेगळी. तिथे नीटपासून सुरुवात होते, तो विषय इथे नाही.

परवडतं म्हणजे काय, ते आधी पाहू. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. सत्राला शंभर ते चारशे युरोंच्या दरम्यान एक वर्गणी भरावी लागते, बस. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली आहे. म्हणून 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या एखाद्या कन्सल्टंटच्या फलकावर वाचलंत, तर कुठलं राज्य आणि कुठलं विद्यापीठ, एवढं विचारा. शिवाय फी नसली तरी राहण्या-खाण्याचा खर्च आहेच. तो आधीच दाखवावा लागतो, त्याकडे पुढे येऊ.

सुरुवात पासपोर्टपासून. मध्य प्रदेशाचं पासपोर्ट कार्यालय भोपाळचं, पोलीस चौकशी मात्र आपल्या ठाण्यातून होते. छत्तीस पानांच्या साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये. यात अवघड काही नाही; घोळ होतो तो नावाचा. आपण मराठी माणसं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिहेरी नाव लावतो. इथे मध्य प्रदेशात दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात असतं आणि विद्यार्थ्याच्या नावात फक्त दोन शब्द. मग आधारवर तिहेरी, गुणपत्रिकेवर दुहेरी, आणि पॅनवर आडनावाचं स्पेलिंग निराळंच, अशी एकाच मुलाची तीन माणसं होतात. भारतातली कचेरी 'चालतं हो' म्हणून पुढे सरकवते; जर्मन कारकून सरकवत नाही. पासपोर्टचा अर्ज भरण्यापूर्वी दहावीची गुणपत्रिका समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तिच्याशी जुळवून घ्या. बाकीचे कागद दुरुस्त करता येतात, दहावीची गुणपत्रिका बदलणं महाकठीण. आणि 'सरनेम'चा रकाना रिकामा सोडू नका.

पासपोर्ट येईपर्यंत दुसरं काम सुरू करायचं ते विद्यापीठाच्या कागदांचं. उज्जैन इंजिनिअरिंग कॉलेज १९६६ चं, गावातलं जुनं सरकारी कॉलेज. पण पदवी भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाची. म्हणजे कॉलेज घराजवळ असलं तरी ट्रान्स्क्रिप्टसाठी (सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्रित दाखला) भोपाळची फेरी चुकत नाही. विज्ञान-वाणिज्याच्या मुलांचं विद्यापीठ उज्जैनचंच, १९५७ साली सुरू झालेलं विक्रम विश्वविद्यालय. २०२५ मध्ये त्याचं नाव 'सम्राट विक्रमादित्य विश्वविद्यालय' झालं. त्यामुळे एकाच मुलाच्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर एक नाव आणि पदवीवर दुसरं, असं काही वर्षं घडणार. विद्यापीठ तेच आहे, फक्त नाव बदललं आहे, अशा अर्थाचं पत्र परीक्षा विभागाकडून शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. तिकडे बसलेल्या माणसाला विक्रम आणि विक्रमादित्य यांचं नातं ठाऊक असायचं कारण नाही.

ट्रान्स्क्रिप्टबरोबर आणखी एक छोटं पत्र मागा. हे मुलं हमखास विसरतात, म्हणून इथे जरा थांबतो. जर्मनीत गुण उलटे चालतात: १ सर्वांत चांगला, ४ म्हणजे काठावर पास. आपला सीजीपीए त्या मापात बसवायला एक सूत्र आहे, त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. मिळू शकणाऱ्या सर्वोच्च गुणांतून आपले गुण वजा करा. त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा. तीनने गुणा, एक मिळवा. समजा मुलाचा सीजीपीए ७.४ आहे आणि किमान उत्तीर्ण गुण ५. तर १० वजा ७.४ म्हणजे २.६, भागिले ५, गुणिले ३, अधिक १. उत्तर सुमारे २.५६. आता तेच किमान गुण ४ धरा. २.६ भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर २.३. अनेक अभ्यासक्रमांची अट '२.५ किंवा त्याहून चांगले' अशी असते. म्हणजे मुलगा तोच, त्याचे गुण तेच. एका हिशेबात दार बंद, दुसऱ्यात उघडं.

हा घोळ होतो कशाने? एका विषयात पास व्हायला लागणारी किमान ग्रेड एक असते आणि पदवी मिळायला लागणारा किमान सीजीपीए दुसरा असू शकतो. गुणपत्रिकेच्या मागे हे कधी छापलेलं असतं, कधी नसतं. आपल्या सोयीचा आकडा मनाने भरायचा नाही. परीक्षा नियंत्रकाच्या सहीचं, किमान उत्तीर्ण गुण नेमके किती ते सांगणारं पत्र घ्यायचं, आणि त्यात जो आकडा असेल तो. एका पानाचं हे पत्र दुसऱ्या कुठल्याही कागदापेक्षा जास्त कामाला येतं, असं माझं मत आहे.

इथेच एक फसवणूक सांगून ठेवतो. 'जर्मनीसाठी सगळ्या कागदांना अपोस्टील करून देतो, इतके हजार पडतील' असं सांगणारे लोक भेटतात. अपोस्टील म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून सरकारने लावलेला शिक्का. भारत २००५ पासून त्या करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या सहभागाला हरकत नोंदवली आहे, त्यामुळे या दोन देशांत तो शिक्का चालत नाही. पैसे वाचवा.

अपोस्टीलच्या जागी आहे एपीएस. जर्मन दूतावासाशी जोडलेली ही दिल्लीतली तपासणी शाखा. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाच्या अर्जासोबत तिचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. आपली दहावी, बारावी, पदवी खरी आहे आणि जर्मनीत शिकायला पुरेशी आहे, एवढंच ते सांगतं. फी १८,००० रुपये. अर्ज ऑनलाइन, पुढे कित्येक आठवड्यांची वाट. गर्दीच्या महिन्यांत ती लांबते, म्हणून विद्यापीठ निवडण्याच्याही आधी हा अर्ज टाकावा. पुष्कळ मुलं उलट करतात: आधी प्रवेश मिळू दे, मग बघू. प्रवेश मिळतो आणि एपीएस येत नाही.

नुसत्या बारावीवर जायचं असेल तर बहुधा थेट पहिल्या वर्षाला घेत नाहीत. इथे पदवीचं एखादं वर्ष पूर्ण करा, जेईई ॲडव्हान्स्ड पार करा, नाहीतर तिकडे वर्षभराचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करा, असे मार्ग आहेत. पदवी इथे करून मास्टर्सला जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. एकवीस-बावीस वर्षांचं पोर परक्या गावात जरा तरी सावरून असतं.

विद्यापीठांचे अर्ज काही थेट जातात, काही 'युनि-असिस्ट' नावाच्या मध्यवर्ती व्यवस्थेतून. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या हिवाळी सत्राची ठरलेली शेवटची तारीख १५ जुलै मानली जाते, पण परदेशी विद्यार्थ्यांना बऱ्याच ठिकाणी त्याच्या खूप आधी, मार्च ते मे दरम्यान अर्ज बंद होतात. आपल्याकडे शेवटच्या सत्राचा निकाल जूनच्या आत क्वचित लागतो. त्यामुळे पदवी घेऊन एक वर्ष इंदूरच्या एखाद्या कंपनीत काढायचं, जर्मन भाषेच्या दोन-तीन पायऱ्या चढायच्या आणि पुढच्या ऑक्टोबरला जायचं, असा बेत करणारे पुष्कळ आहेत. वर्ष वाया गेलं असं घरच्यांनी म्हणू नये. इंग्रजीतून शिकवणारे मास्टर्स भरपूर असले, तरी दुकान, बस, डॉक्टर आणि घरमालक जर्मनच बोलतात.

अर्जाच्या मुदतीत वेळेचा एक बारीक खड्डा आहे. मुदत '२३:५९' असते ती जर्मन वेळेने. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलली की साडेचार. म्हणजे जुलैतली मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून २९ मिनिटांनी संपते. उज्जैनच्या मुलाला खरं तर हे कळायला सोपं असावं. प्राचीन भारतीय ज्योतिषाची शून्य रेखा याच गावावरून जात होती. जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र सावलीवर जी वेळ दाखवतं, ती आपल्या मनगटावरच्या प्रमाणवेळेपेक्षा सरासरी सुमारे २७ मिनिटं मागे असते, कारण प्रमाणवेळ मिर्झापूरकडच्या रेखांशाची आणि यंत्र उज्जैनच्या सूर्याचं.

प्रवेशपत्र आलं की पैशाचं काम. एक वर्षाचा राहण्याचा खर्च आपल्याकडे आहे, हे जर्मन सरकारला आधी दाखवावं लागतं. नेहमीची पद्धत म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. २०२४ च्या सप्टेंबरपासून त्यात ११,९०४ युरो भरावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाखांच्या घरात रक्कम जाते. हा आकडा अधूनमधून वाढतो, अर्जाच्या वेळी पुन्हा तपासा. हे पैसे मुलाचेच राहतात, मात्र जर्मनीत पोचल्यावर दरमहा ९९२ युरो याच बेताने सुटतात. एकदम काढता येत नाहीत. माझ्या मते ते बरंच आहे.

रक्कम बँकेतून पाठवताना ती कशासाठी, हे फॉर्ममध्ये लिहून द्यावं लागतं. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या पैशावर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो आगाऊ कर) नाही. त्यावर स्वतःच्या खिशातून पाठवलं तर बँक टीसीएस कापून घेते. मान्यताप्राप्त संस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून शिक्षणासाठी पाठवलेल्या पैशावर कापत नाही. कापलेला टीसीएस बुडत नाही, ज्याच्या पॅनवर कापला त्याने रिटर्न भरताना तो वळता करून घ्यायचा. म्हणून आजोबांच्या खात्यातून पाठवायचे की बाबांच्या, हे रिटर्न कोण भरतं ते पाहून ठरवा. मोठ्या कर्जाला बँक घर किंवा प्लॉट तारण मागते. तेव्हा जुन्या वाड्याची वाटणी झालेली नसणं, रजिस्ट्रीवर अजून पणजोबांचं नाव असणं या गोष्टी नको त्या वेळी वर येतात. हे सगळं प्रवेश मिळण्याच्या आधीच वकिलाकडून पाहून घ्यावं.

मग व्हिसा. मध्य प्रदेश हा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो, दिल्लीच्या नाही. अर्ज आता आधी जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा, कागद चढवायचे, तिथून होकार आला की बोटांचे ठसे द्यायला मूळ कागद घेऊन मुंबईच्या व्हिसा केंद्रावर जायचं. फी ७५ युरो, रुपयांत भरायची. अवंतिकाने जाऊन काम उरकून त्याच रात्री परत निघता येतं. आई-बाबांनी सोबत जायची गरज नाही, आत सोडतही नाहीत. कागदांचे दोन संच, क्रमाने लावलेले, स्टेपल न केलेले. आपण हे शिक्षण का घेतोय हे सांगणारं पत्र मुलाने स्वतः लिहावं. बाजारात तयार मिळणारी पत्रं एकाच साच्यातली असतात, आणि वाचणाऱ्याने तशी शेकड्यांनी वाचलेली असतात.

पूर्वी व्हिसा नाकारला तर दूतावासाकडेच विनामूल्य फेरविचार मागता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय जर्मनीने जगभर बंद केली. आता नकार आला तर नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात दावा. म्हणजे पहिलाच अर्ज स्वच्छ हवा. अर्धवट कागदांवर 'बघू तर खरं' म्हणून टाकायचे दिवस गेले.

व्हिसा हातात आला की तिकीट. उज्जैनहून इंदूरचा विमानतळ पन्नास-साठ किलोमीटर. इंदूर-मुंबई आणि मुंबई-फ्रँकफर्ट ही दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर सामान सहसा थेट पुढे जातं आणि पहिलं विमान चुकलं तरी जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं स्वस्त मिळतात, पण मग मुंबईला सामान उतरवून घ्या, देशांतर्गत विमान टर्मिनल एकवर उतरलं असेल तर रस्त्याने टर्मिनल दोनला जा, पुन्हा वजन करा. पहिल्याच प्रवासाला ती काटकसर नको.

आता बॅग, म्हणजे आईचं खातं. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. साजूक तुपाची बरणी, खवा, पेढे नकोत. सापडले तर काढून घेतात, दंडही होऊ शकतो. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटका आहे ती अननस, केळं, खजूर, नारळ आणि ड्युरियन या पाचांचीच. पण नारळाला सूट म्हणून कोणी सुकं खोबरं बॅगेत भरू नका. तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमान कंपन्याच ते नेऊ देत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, सांडगे, शेव, भाजणी, पोहे बिनधास्त न्या, घट्ट सील करून. पॉवर बँक केबिनमध्येच, तपासणीच्या बॅगेत नाही. प्रवेशपत्र, एपीएस, विम्याचा कागद, ब्लॉक्ड अकाउंटची पावती, राहण्याच्या जागेचा पुरावा हे सगळं हातातल्या पिशवीत, कारण फ्रँकफर्टला पासपोर्ट तपासणारा अधिकारी ते मागू शकतो आणि तेव्हा मोठी बॅग अजून पट्ट्यावर आलेली नसते.

उतरल्यावरचा क्रम ठरलेला आहे, आणि त्याची एक कडी हुकली की पुढची अडते. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. पत्त्याच्या नोंदीवर बँक खातं. बँक खात्यावर ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे. विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमा, तिशीच्या आत महिन्याला साधारण दीडशे युरो, आणि तो असल्याशिवाय विद्यापीठात नाव चढत नाही. त्यानंतर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवाना, कारण व्हिसा काही महिन्यांचाच असतो. पहिले ९९२ युरो हाती यायला यामुळे तीन-चार आठवडेही जातात. तेवढे दिवस पुरेल इतके पैसे फॉरेक्स कार्डवर आणि थोडे रोख न्यायचे. अर्धवेळ कामाची परवानगी २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस आहे. त्यावर खर्चाला हातभार लागतो, कर्ज फिटत नाही.

शेवटी उज्जैनकरांसाठी एक तारीख. २०२८ च्या एप्रिल-मेमध्ये सिंहस्थ आहे. त्या दोन महिन्यांत गावात शिरणं-निघणं, गाड्यांचं आरक्षण आणि सरकारी कचेऱ्यांतली कामं यांचा भरवसा धरू नका. त्या वर्षीच्या ऑक्टोबरला ज्यांची मुलं जाणार आहेत, त्यांनी पासपोर्ट, ट्रान्स्क्रिप्ट, किमान गुणांचं पत्र आणि एपीएस ही चारही कामं फेब्रुवारी २०२८ च्या आत उरकून ठेवावीत.